लिनक्स मिंट २२ वर लॅपटॉपचा बसलेला आवाज: काही महिने वापरल्यावर

लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. बाकीचं आधी उरकतो. बूट झटपट, वायफाय पहिल्या दिवसापासून चालू, प्रिंटर तर न विचारताच सापडला. तक्रार एकच, आवाज. स्लायडर १०० वर ठेवला तरी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की यूट्यूबवरची बाई नुसते ओठ हलवते.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "लिनक्स असेल तर आम्ही हात लावत नाही," आणि त्याच दमात स्पीकर बदलायचे साडेतीन हजार सांगितले. हात न लावता निदान! याच मशीनवर विंडोजमध्ये आवाज खणखणीत होता, म्हणजे स्पीकर धडधाकट आहेत. उठून आलो.

मिंटच्या साउंड सेटिंगमध्ये कमाल आवाज १५० टक्क्यांपर्यंत नेता येतो. फुकटात काम झालं म्हणून खूश होतो, तेवढ्यात तबला लावला. थाप पत्र्यावर पडल्यासारखी. १५० म्हणजे साधारण साडेदहा डेसिबलची वाढ, तीही सॉफ्टवेअरमध्ये. गाणं मुळातच काठोकाठ भरलेलं असेल तर वरचा भाग कापलाच जाणार. बातम्यांपुरतं ठीक, गाण्यांना नाही.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, अल्सामिक्सर (alsamixer) हा साउंड कार्डाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम उघडला. सुरुवातीला एकच मास्टरची पट्टी दिसते आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडायचं. माझ्याकडे स्पीकरची पट्टी निम्म्यावर होती! खाली 'एमएम' दिसलं तर ते म्यूट आहे, एम दाबून उघडा. मग बाहेर येऊन टर्मिनलमध्ये 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' (sudo alsactl store) ही कमांड द्या, म्हणजे सेटिंग साठवलं जातं. एवढ्याने बराच फरक पडला, तरी विंडोजची सर येईना.

इथवरचं आधीच लिहून ठेवलं होतं, पण दोष मिंटचा हे मत आता थोडं बदललंय. विंडोजमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअर आवाजाला इक्वलायझर (खर्ज-तार कमीजास्त करणारा) आणि कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणारा) लावून देतं. लिनक्स कच्चा आवाज देतो. म्हणून हेच काम लिनक्सवर करणारं ईझीइफेक्ट्स टाकलं. त्याला पाईपवायर ही आवाज सांभाळणारी यंत्रणा लागते, आणि मिंटमध्ये २०२४ च्या २२ व्या आवृत्तीपासून तेच मुळात येतं. इक्वलायझरने १२० हर्ट्झच्या खालचं कापलं, कारण एवढ्याशा स्पीकरला तो खर्ज झेपतच नाही, उगाच जागा अडते. शेवटी आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा लिमिटर लावून इनपुट गेन, म्हणजे आत येणारा आवाज, वाढवला. १५० चं खूळ बंद, स्लायडर १०० वर, आणि तबला तबल्यासारखा. फक्त हे सतत मागे चालू ठेवावं लागतं, याचा राग आहेच.

नव्या काही लॅपटॉपमध्ये स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायरची वेगळी चिप असते. तिचं फर्मवेअर (चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) लोड झालं नसेल तर पट्ट्या ओढून उपयोग नाही. अपडेट मॅनेजरमधून नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) घालून बघा.

आणि ईझीइफेक्ट्समधली ही जुळवणी (प्रीसेट) फक्त स्पीकरसाठी आपोआप लागेल अशी (ऑटोलोड) ठेवा. हेडफोनला तोच लागला तर कानठळ्या बसतील.

मिंटला पाचपैकी चार. सर्व्हिस सेंटरला त्यांनी मेसेज पाठवून मागितले तेवढे तारे दिलेले नाहीत.