घर कुठे बांधावे: ब्लॉगर की स्वतःचे वर्डप्रेस?

ठाण्यातील मासुंदा, उपवन, कचराळी अशा तलावांवर मी ब्लॉग लिहितो. त्याची सुरुवात ब्लॉगर या ब्लॉगसेवेवर झाली आणि आता तो भाड्याच्या सर्व्हरवरील वर्डप्रेसवर, म्हणजे संकेतस्थळ चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे.

ब्लॉगर २००३ पासून गूगलकडे आहे. त्याला खर्च नाही, सुरक्षेची आणि अद्ययावतीकरणाची चिंताही नाही. मात्र मराठी शीर्षक दिले की लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असा निरर्थक बनतो, म्हणून प्रकाशित करण्याआधीच रोमन लिपीतला छोटा पत्ता हाताने लिहावा. वर्डप्रेस देवनागरी पत्ता स्वीकारते, पण तोच व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ उमटते. त्यामुळे तिथेही हीच सवय बरी.

वर्डप्रेसमध्ये मांडणी, वर्गवारी आणि शोध यांवर आपला पूर्ण ताबा असतो, पण देखभालही आपलीच. एका पावसाळ्यात माझ्या कार्डाची मुदत संपली, नूतनीकरण राहून गेले आणि उपवनच्या छायाचित्रांसह सारे बंद पडले. बॅकअपही त्याच सर्व्हरवर होता. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो.

फक्त लिहायचे असेल, तर मी निःसंकोच ब्लॉगर सुचवीन. मात्र स्वतःचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे स्वतःचे नाव, पहिल्याच दिवशी घ्यावे, कारण ते ब्लॉगरलाही जोडता येते आणि पुढे घर बदलले तरी वाचकांना जुन्याच पत्त्यावर येता येते.