ऑडॅसिटी: हलगीची रिंगटोन करायची तर हेच

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. लेथ सुरू असले की फोनमध्ये आयत्या मिळणाऱ्या टोन ऐकूच येत नाहीत. सगळ्या कशा गोड, मऊ. म्हणून कुस्तीच्या मैदानात मोबाइलवर घेतलेली हलगी लावायचं ठरवलं आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी उघडलं. आवाज कापायचं-जोडायचं, २००० सालापासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. टोन कापायला एवढं मोठं हत्यार कशाला, असं कुणीही म्हणेल. फोनवर कापणारी ॲप्स ढिगानं आहेत, पण प्रत्येक कापाला जाहिरात बघत बसायला मला सवड नाही.

इथं आवाज डोळ्यांना दिसतो. हलगीची प्रत्येक थाप सुळक्यासारखी उभी राहते. झूम करत गेलं की थापेच्या अगदी अलीकडं कापता येतं. समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या थापेवर धरून पुढच्या समेच्या तोंडाशी सोडलं, तरच टोन परत सुरू होताना ठेका मोडत नाही. यातही एक मेख आहे. एमपी३ केलं की फाइलच्या आगे-मागे बारीकशी शांतता शिरते. एरवी कळणार नाही, पण हलगीत लगेच अडखळल्यासारखं होतं. अँड्रॉइडसाठी एमपी३ऐवजी ओजीजी प्रकारची फाइल करा. फाइलची माहिती भरायच्या टॅगच्या खिडकीत इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ANDROID_LOOP' आणि समोर 'true' लिहा, की सलग वाजत राहतं. मग फाइल फोनच्या 'रिंगटोन्स' फोल्डरमध्ये टाकायची.

हलगीच्या जोडीला वाजणाऱ्या घुमक्याचं काय? ते फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही, खर्ज त्याला झेपत नाही. आवाज चढवायची जागा मात्र उगाच अडवतं. मी हाय-पास फिल्टरनं ३०० हर्ट्झच्या खालचं उतरवलं, नंतर नॉर्मलाइझनं आवाज उणे १ डेसिबलपर्यंत, म्हणजे आवाज फाटायच्या हद्दीच्या जरा अलीकडं, चढवला. हलगी अशी कडाडली की पलीकडच्या शेडमधला माणूस बघायला आला! आवाज हळूहळू चढवणारं फेड-इन मात्र लावू नका. पहिल्या थापेलाच मान वळली पाहिजे.

तक्रार एकच. फोनच्या रेकॉर्डरची एम४ए फाइल विंडोजवर थेट उघडत नाही. एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी बसवावी लागते. तीही फुकटच आहे, पण नवखा माणूस तिथंच कंटाळेल. मेनूंचा पसारा बघूनही दचकायला होतं. त्यातलं नव्वद टक्के आपल्या कामाचं नाही, तिकडं बघूच नका.

पुतण्याच्या आयफोनसाठी तीच हलगी वेव्ह फाइल करून ॲपलच्या गॅरेजबँड ॲपमध्ये नेली. तिथं रिंगटोनला ३० सेकंदांची मर्यादा आहे, हलगीला तेवढी पुरते. त्याला घुमकंही हवं होतं. म्हटलं, ते हेडफोन लावून ऐक.