थॅलेसेमिया वाहक तपासणी: विश्रामबागेतल्या लॅबचा रिव्ह्यू

थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार; वाहक म्हणजे त्याचा सदोष जनुक असलेला, पण स्वतः सहसा ठणठणीत माणूस. रक्त घेण्याचं काम इथे चोख आहे. जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूब, २ मिली रक्त, आणि लगेच ८-१० वेळा हलक्या हाताने उलटीपालटी. हे राहिलं की गुठळी होऊन सॅम्पल वाया जातं. उपाशीपोटी यायची गरज नाही.

खटकतो तो एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट. एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ३.५ टक्क्यांच्या वर तर 'वाहक', खाली तर 'नॉर्मल', एवढंच छापतात. पण अंगात लोह कमी असेल तर एचबीए२ घसरतं आणि वाहक माणूसही नॉर्मल ठरू शकतो. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) सोबत कराच. फेरिटिन चांगलं असूनही सीबीसीतला एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली असेल तर 'नॉर्मल' शिक्क्यावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ही तपासणी मुख्यतः बीटा थॅलेसेमियाचे वाहक पकडते; अल्फा या दुसऱ्या प्रकाराचे वाहक तिच्यात बहुधा निसटतात. त्यासाठी डीएनए चाचणी लागते.

गेल्या ३ महिन्यांत रक्त चढवलंय का, हे काउंटरवर विचारतच नाहीत. ही मोठी चूक आहे. आपणहून सांगा, दात्याच्या रक्ताने आकडे फसवे येतात.

लग्न ठरवताना दोघांचीही तपासणी करा. दोघं बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. गव्हांकुराच्या रसाने वाहकपण जात नाही, ते जनुकातच असतं.