पियानो क्लासचे आठ महिने, तळकोकण: मास्तर पास, पेडल नापास

पेडल दुसऱ्यांदा बिघडलं, म्हणून हे लिहायला घेतलं. ८८ पट्ट्या, हॅमर अ‍ॅक्शन, पॉलिफनी वगैरे डिजिटल पियानोच्या बॉक्सवर छापलेलं असतं, ते इथे उगाळत नाही. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात पियानो शिकवणारा माणूस कसा पारखायचा आणि पहिल्या आठ महिन्यांत पैसा नक्की कुठे गळतो, तेवढंच सांगतो.

इकडे ‘पियानो क्लास कुठे आहे?’ असं विचारलं की लोक ‘कॅसिओचा क्लास’ दाखवतात. शिकवणारे साधारण तीन जातीचे भेटतात: भजनातले पेटीमास्तर, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. तिघांचाही उजवा हात तयार असतो, त्यामुळे उजवा हात ऐकून भुलायचं नाही. सरळ सांगायचं, ‘फक्त डाव्या हाताने काहीतरी वाजवून दाखवा.’ पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भात्यावर गेलेला असतो. कीबोर्डवाला डावीकडे तीन पट्ट्या दाबून धरतो आणि पुढचं मशीन वाजवतं. दशावतारात पायपेटी वाजवलेला माणूस मिळाला तर त्याचे दोन्ही हात मोकळे असायचे, त्याला एक संधी द्या. चर्चवाल्याला दोन्ही हात आणि स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहिलेले स्वर) दोन्ही येतं. शेवटी फी भरली ती अशाच मास्तरांकडे.

दुसरी परीक्षा एफ मेजर स्केलची, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी चारपासून बिलावल. उजव्या हाताने १-२-३-४ (अंगठा म्हणजे १) अशी बोटं जाऊन पाचव्या स्वरावर, म्हणजे सी वर, अंगठा यायला हवा. सी मेजरच्या सवयीने १-२-३ नंतर लगेच अंगठा आत घातला तर तो मध्यमावर, म्हणजे काळी पाचवर आपटतो. शिकवणारा स्वतः तिथे अडखळला तर चहा प्यायचा आणि निघायचं.

तिसरा प्रश्न मुलांच्या आईवडिलांसाठी. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेत पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड हे दोन वेगळे विषय आहेत. ‘ग्रेड करून घेतो’ असं मास्तर म्हणाले की कोणत्या विषयाची, ते तिथल्या तिथे विचारा. दोन वर्षांनी कळून उपयोग नाही.

फी महिन्याला चार तासांचे १६००, त्यांच्या घरी जाऊन. घरी येऊन शिकवायचे २२०० आणि वर पेट्रोल. सुरुवातीला त्यांच्याच घरी जावं. पैसे वाचतात हे आहेच, शिवाय त्यांच्या वाद्याची उंची बरोबर असते. पांढऱ्या पट्ट्यांचा माथा जमिनीपासून ७२ सेंटीमीटरच्या आसपास हवा आणि कोपर त्याच पातळीला. आपली प्लॅस्टिकची खुर्ची यासाठी बुटकी पडते आणि तिचे हात कोपराला अडतात. बिनहाताची खुर्ची आणि त्यावर चौघडी घातलेली गोधडी, एवढ्यात काम झालं. तीन-चार हजारांचं बाकडं घ्यायची काही गरज नाही. स्टँड मात्र एक्स आकाराचा नको. जोरात वाजवलं की डुलतो आणि गुडघेही अडतात.

दुसऱ्या महिन्यापर्यंत माझं ठाम मत होतं की घरातला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड वर्षभर पुरेल. ते मागे घेतो. स्वर आणि लय त्यावर येते, पण पट्टीला वजन नसल्यामुळे हळू आणि जोरात यातला फरक बोटाला समजत नाही. मास्तरांच्या वाद्यावर बसलं की डाव्या हाताचा ठोका उजव्या हाताच्या चालीला गिळून टाकतो. मग ८८चा डिजिटल पियानो घ्यावाच लागला. कोणी जुना लाकडी उभा पियानो फुकट देत असेल तर नमस्कार करून सोडा. दोनशेच्या वर तारा, पावसात फुगणारं लाकूड आणि ट्यूनिंगचा माणूस आणायचा गोव्याहून नाहीतर मुंबईहून.

आता पेडल. सस्टेन पेडल, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवायचं पेडल. दोन तारा आणि एक स्विच, आत दुसरं काही नाही. पण अर्धा पियानो त्यावर उभा असतो. बॉक्समध्ये फुकट येतो तो साबणाच्या वडीएवढा चौकोनी तुकडा. टाइल्सवर तो दर दोन ओळींनी पुढे सरकतो आणि पाय त्याला शोधत फिरतो. त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आणि स्टँडला सुतळीने बांधला, तेव्हा जागेवर राहिला.

खरा त्रास जुलैत सुरू झाला. एक दिवस सगळं उलटं वाजायला लागलं: पाय वर असताना स्वर लांबतात, दाबला की तुटतात. कारण नीट समजून घ्या. काही पेडलांचा स्विच मोकळा असताना उघडा असतो, काहींचा बंद. माझ्या पियानोसारखे बरेच पियानो चालू होताना पेडलची स्थिती बघतात आणि तीच ‘पाय वर’ अशी धरून चालतात. आपल्याकडे वाजवता वाजवता लाइट जाते, इन्व्हर्टर लागतो, आपण पाय तसाच ठेवून बटण दाबतो, की झालं उलटं. बंद करा, पाय काढा, पाच सेकंदांनी चालू करा. एवढंच.

हे सेवा केंद्राने फोनवर सांगायला हवं होतं. त्यांचं म्हणणं, अख्खा पियानो मूळ बॉक्समध्ये भरून मुंबईला पाठवा, कुरिअर तुमच्या खर्चाने. साडेअकरा किलोचं वाद्य, तेही ऐन पावसात! पुढे पेडल खरंच बिघडलं तेव्हा उत्तर आलं, ‘अ‍ॅक्सेसरी वॉरंटीत येत नाही, गंज तर नाहीच.’ चार फोन आणि दोन ईमेल यात गेले.

त्या बिघाडाचं निदान घरी दहा मिनिटांत होतं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड लागला की बीप देतो त्या खुणेवर) ठेवा, एक टोक प्लगच्या टोकाला, दुसरं प्लगच्याच बुडाच्या धातूला. पेडल दाबल्या-सोडल्यावर बीप स्वच्छ लागायला आणि थांबायला हवा. तो थरथरला तर आतल्या पत्र्यावर खारी हवा बसलेली आहे. तळाचे स्क्रू काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून पत्रा पुसा, प्लगवरचा हिरवट थरही पुसा. सँडपेपर लावू नका, मुलामा निघतो आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज चढतो. पहिल्यांदा हे करून सात आठवडे चाललं. या वेळी पत्राच तुटला आहे.

गंमत म्हणजे पेडलवर मास्तरही सुरुवातीला गप्पच होते. चर्चच्या ऑर्गनला असलं सस्टेन पेडल नसतं, तिथे स्वर बोटांनीच जोडायचा. त्यामुळे बोटांचं काम त्यांनी फार नीट बसवलं आणि पेडल चौथ्या महिन्यापर्यंत टाळलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं तेच बरं झालं, आधी पेडल दिलं की बोटांचा आळस त्याखाली लपतो. शिकवलं तेव्हा एका वाक्यात शिकवलं: ‘हात खाली, पाय वर, मगे पाय खाली.’ म्हणजे नवा कॉर्ड (एकदम दाबलेले दोन-तीन स्वर) वाजताना पाय उचलायचा आणि तो ऐकू आल्यावर दाबायचा, टाच जमिनीवरच ठेवून. दोन्ही एकदम दाबले की मागचा कॉर्ड पुढच्यात मिसळून नुसता चिखल होतो.

ऑनलाइन क्लासबद्दलही मत बदललं. पहिला तास भयानक गेला, लांबणारा प्रत्येक स्वर मध्येच कापला जायचा. दोष रेंजचा नव्हता, अ‍ॅप त्या स्वराला गोंगाट समजून दाबत होतं. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केलं आणि फोन वरून पट्ट्यांवर तिरका धरला, मग निभावलं. रस्त्यावर पाणी असेल तेव्हा तास बुडवण्यापेक्षा हे परवडतं.

सुट्ट्यांचा हिशेब मात्र आधी करा. गणपतीत विद्यार्थीच येत नाहीत, निम्मे डबलबारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला, बसलेले असतात. डिसेंबरात मास्तर चर्चच्या कॉयरमध्ये अडकलेले. शिमग्यात पुन्हा गाव रिकामं. त्यामुळे महिन्यावर फी ठरवू नका, तासावर ठरवा. मी महिन्यावर ठरवली आणि सात तासांचे पैसे फुकट गेले.

नवीन पेडल मागवलं आहे, पियानोच्या पायासारखं धातूचं, दीड हजाराच्या आसपास. घेताना तळाशी पोलॅरिटीचं, म्हणजे उलटं-सुलटं बदलायचं, सरकतं बटण आहे का ते बघा. तोवर सुतळी बांधलेला जुना तुकडाच, पत्र्याच्या जागी पितळी पट्टी लावून, चालू आहे. सहाव्या ओळीनंतर तो कुरकुरतो.