स्पॅनिश डिक्शनरीचं ॲप: पाचपैकी तीन स्टार, तेही आवाजासाठी

मी दारव्ह्याकडच्या खेड्यातून ऑनलाइन स्पॅनिश शिकतो, दिवसा वावरात अन रात्री लाइन राहिली तर क्लास. मॅडमनं होमवर्क दिला, ओळखीच्या खोट्या माणसावर चार ओळी लिहा. मले लगेच आमचा कापूसवाला व्यापारी आठवला. घरी आला का "काकाजी, तुमच्या कापसाले तोड नाही" म्हणून बाबाच्या पाया पडते अन काट्यावर क्विंटलमागं दोन किलो कापते.

ॲपचं वर्षभराचं पॅक घेतलंच होतं. 'ढोंगी' टाकलं तर इपोक्रिता, सिनिको, फाल्सो, सालामेरो सगळा माल एकाच बोऱ्यात, कोणता कुठं बसते ते काहीच नाही. मी वरचा उचलला. मॅडम म्हणे चूक नाही, पण इपोक्रिता म्हणजे दारूबंदीवर भाषण ठोकून संध्याकाळी बसणारा, अन सिनिको तर खोटं बोलून वरून लाजतबी नाही. तुझ्या माणसाची साखर कुठं आली यात? त्याले सालामेरो म्हण, गोडगोड करणारा. मंग मी रॉयल स्पॅनिश अकादमीच्या साइटवर पाह्यलं (1713 ची संस्था, डिक्शनरी फुकट!) तर हा शब्द निघाला अरबी सलामातून. स्पेनात बहुतेक जागी थालामेरो म्हणतात, तिकडं झेडचा थ होते. मी लिहिलं, 'एस मुई सालामेरो, पेरो एस फाल्सो', म्हणजे लय गोड पण खोटा. पास.

ॲपचे मराठी अर्थ तर विचारूच नका. स्पेनात मस्का लावण्याले 'आसेर ला पेलोता' म्हणतात, यानं दाखवलं 'चेंडू बनवणे'. 'मोस्कीता मुएर्ता' म्हणजे वरून गरीब गाय अन आतून पक्की, शब्दशः मेलेली माशी, तर यानं मच्छर मारून ठेवला. अन एक रोप, दहा हात, फोटो झाला का रोप उन्हात, या दिखाव्याचा शब्द 'पोस्तुरेओ' अकादमीनं 2017 मधेच घेतला, यात आजबी नाही.

उच्चार मात्र साफ अन ऑफलाइन चालतात, आमच्या इकडच्या नेटवर तेच मोठं. पुढच्या वर्षी पैसे भरत नाही.

परवा व्यापारी आला, मी हसून म्हटलं "सालामेरो!" त्यानंबी कपाळाले हात लावून सलाम केला.