कंपोस्ट बिन ठीकठाक, पण सोबतच्या पुस्तिकेवर विसंबू नका

आठ महिने वापरून मग लिहितेय, कारण दहाव्या दिवशी लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. तीन कप्प्यांचा प्लास्टिकचा बिन, बाजूला भोकं, खाली तोटी, सोबत कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या पावडरची पुडी. पुस्तिका म्हणते रोज ओला कचरा टाका, वरून चमचाभर पावडर भुरभुरा, ४५ दिवसांत खत तयार. मी अगदी तसंच केलं आणि दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आत काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास आणि कडेकडेने वळवळणाऱ्या अळ्या. नाक दाबून झाकण लावून टाकलं.

चूक बिनची नव्हतीच. नुसता ओला कचरा दबून बसतो, आत हवा जात नाही, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि तो घाण वास त्यांचा. शिवाय जिवाणूंना एक भाग नत्रामागे साधारण २५-३० भाग कर्ब लागतो, ओल्या कचऱ्यात तेवढा नसतो, मग जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडून जातं, म्हणजे झाडाला द्यायचं तेच हवेत गेलं की! कर्ब कुठून आणायचा तर सुक्या पाल्यातून. आता एक डबा ओलं, दोन डबे चुरलेला पाला, आणि आठवड्यातून दोनदा खालवर करते. पुस्तिकेत हे एका ओळीत आहे, तेही शेवटच्या पानावर.

पंधरा दिवसांत वास गेला. मध्ये हात घातला तर कोमट लागतं, बस. मोठा ढीग ५५-६५ अंशांपर्यंत तापतो, एवढ्याशा मालात तेवढी उष्णता टिकत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या बिया मरत नाहीत आणि कुंडीत न लावता रोपं येतात. मला चालतं.

पावडर संपल्यावर परत मागवली नाही, जुन्या खताच्या दोन मुठी टाकते, जिवाणू त्यात असतातच. काडीचा फरक पडला नाही.

आणि ते ४५ दिवस विसरा, मला साडेतीन महिने लागले. चाळलं तर अंड्याची टरफलं आणि फळांवरचे स्टिकर जसेच्या तसे, बाकी साल कुठली देठ कुठला काही कळत नाही, हाताला भुसभुशीत आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा.

तोटी मात्र भंगार. सारखी तुंबते, काडी घालून मोकळी करावी लागते, त्याचा एक स्टार कापलाय.