गणितात पदवी आणि जर्मन बाहेरून, की उलट?

दोन्ही विषय जिवापाड आवडतात, एकही सोडवत नाही आणि प्रवेश अर्जावर मुख्य विषयाचा रकाना एकच आहे, अशा कात्रीत सापडलेल्यांसाठी हे लिहितो आहे. पुण्यात हा पेच नवा नाही. अकरावी-बारावीला संस्कृतऐवजी जर्मन घेतलेली आणि गणितातही रमणारी मुलं इथे बरीच असतात. मी त्यांतलाच. दोन्ही वाटांवर थोडा थोडा चाललो आहे: आधी कला शाखेत जर्मन मुख्य विषय घेऊन गणित घरी केलं, वर्षभरानं ते सोडून बी.एस्सी.ला गणित घेतलं आणि जर्मन संध्याकाळच्या वर्गांत चालू ठेवलं.

जर्मनच्या पदवीत जे मिळतं ते बाहेरच्या वर्गात मिळत नाही, हे आधी मान्य करायला हवं. संध्याकाळचा वर्ग परीक्षेची तयारी करून घेतो. पदवीत मात्र कविता वाचली जाते, भाषांतरावर वाद होतात, एकेका शब्दावर अर्धा तास जातो. त्या एका वर्षात माझा कान तयार झाला, आणि पुढे सगळं त्याच पुंजीवर चाललं. ज्यांना पुढे भाषांतर करायचं आहे, जर्मन शिकवायचं आहे किंवा साहित्यात खोल शिरायचं आहे, त्यांनी माझं पुढचं म्हणणं जरा सांभाळूनच घ्यावं.

मला ती वाट सोडावी लागली ती एकाच कारणानं. माझी गणितातली चूक दाखवायला कुणी नव्हतं.

घरी विश्लेषण (अ‍ॅनालिसिस) करत होतो: सीमा, सांतत्य, एप्सिलॉन आणि डेल्टा. फलनाच्या किमतीत एप्सिलॉनपेक्षा कमी फरक हवा, तर क्षमध्ये किती फरक चालेल, तो डेल्टा. पुस्तक चांगलं होतं, वेळ होता, जिद्द होती. क्षचा वर्ग हे फलन सगळ्या वास्तव संख्यांवर एकसमान संतत आहे, अशी सिद्धता मी वहीत लिहिली आणि खाली चौकट काढली. ती सिद्धता चूक होती, कारण विधानच खोटं आहे. माझ्या डेल्टाच्या सूत्रात छेदस्थानी क्ष बसलेला होता. म्हणजे प्रत्येक क्षसाठी डेल्टा वेगळा, आणि एकसमान सांतत्याला तर सगळ्या क्षांना मिळून एकच डेल्टा चालायला हवा. क्ष वाढत गेला की डेल्टा शून्याकडे जातो, हे मला पानावर दिसत होतं तरी कळत नव्हतं. जवळजवळ दोन महिने मी त्याच समजुतीवर पुढची प्रकरणं वाचली.

त्याच दोन महिन्यांत वर्गात जर्मन बोलताना ‘वाइल’नंतर, म्हणजे ‘कारण’नंतर, क्रियापद चुकीच्या जागी टाकलं की बाई वाक्य पुरं व्हायच्या आत थांबवत. भाषेतली चूक समोरच्याच्या कानाला लगेच खटकते. सिद्धतेतली चूक वहीत गप्प बसून राहते. ती शोधायला तुमच्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस लागतो, आणि तो आठवड्याला दोन-तीनदा लागतो. असा माणूस पदवीच्या वर्गाबाहेर मिळणं, निदान माझ्या अनुभवात, फार अवघड आहे. जर्मनसाठी मात्र बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचं केंद्र, आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि शिवाय घरगुती शिकवण्या आहेत.

दुसरी गोष्ट कागदाची. जर्मनची पातळी बाहेरच्या परीक्षेनं सिद्ध करता येते, पदवी कशातही असो. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी2 (सहा पातळ्यांपैकी चौथी) परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात, प्रत्येकात 100 पैकी 60 लागतात आणि भाग सुटेसुटेही देता येतात. मी लेखनात पहिल्यांदा कमी पडलो होतो, तेवढाच भाग पुन्हा दिला. पुढे टेस्टडाफ, म्हणजे जर्मन विद्यापीठांतल्या प्रवेशासाठीची भाषापरीक्षा, दिली, तेही पदवीशी कसलाही संबंध नसताना. घरी शिकलेल्या गणिताला असा सर्वमान्य दाखला नाही. जर्मनीत गणिताच्या मास्टर्सला अर्ज केला की आधीच्या पदवीत विश्लेषण किती, रेषीय बीजगणित किती, हे विषयवार तपासतात. तिथे ‘मी स्वतः वाचलं आहे’ म्हणून भागत नाही.

मग जर्मन हवंच कशाला, असंही कुणी विचारेल. बॉनसारख्या ठिकाणी गणिताचं मास्टर्स इंग्रजीत आहे, हे खरं आहे. पण मी पुढे जर्मनीत जिथे शिकलो तिथे दर आठवड्याला ‘उइबुंग्सब्लाट’ मिळायचं, म्हणजे सोडवून द्यायचा प्रश्नांचा कागद, आणि त्यावरची चर्चा बहुतेक जर्मनमध्ये चालायची. साधारण निम्मे गुण मिळवल्याशिवाय परीक्षेला बसू न देण्याची पद्धत तिकडे अनेक ठिकाणी आहे. पहिल्या कागदावर लाल शाईत शेरे लिहून आले, तेव्हा मला ती दोन महिने चुकीची राहिलेली चौकट आठवली. कुणीतरी ओळ न ओळ वाचली होती.

दोन्ही विषय एकत्र करण्यातलं सुख वेगळंच आहे, त्याचा हिशेब मांडता येत नाही. जर्मनमध्ये ‘झात्स’ म्हणजे वाक्य आणि ‘झात्स’ म्हणजेच प्रमेय. बीजगणितातल्या क्षेत्राला (फील्ड) ते ‘क्योर्पर’ म्हणतात, म्हणजे शरीर. हा शब्द डेडेकिंड यांनी 1871 मध्ये रूढ केला आणि म्हणूनच पुस्तकांत क्षेत्रासाठी आजही के हे अक्षर दिसतं. पूर्णांकांचं झेड ‘त्सालेन’मधून, म्हणजे ‘संख्या’मधून, आलं. सिद्धतेची सुरुवात ‘झाय एप्सिलॉन’, म्हणजे ‘एप्सिलॉन अमुक असो’, अशी होते, तेव्हा व्याकरणाच्या वर्गात रुक्ष वाटलेला तो ‘झाय’ आपल्या ‘असो’सारखा वाटायला लागतो. आणि संख्या! इंग्रजीतून जर्मनकडे जाणारे ‘फ्युन्फउंडत्स्वान्त्सिश’ला, म्हणजे ‘पाच आणि वीस’ला, अडखळतात, पण आपण लहानपणापासून पंचवीस म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. या बाबतीत मराठी माणसाला जर्मन अर्धं घरचंच आहे.

वेळेचं म्हणाल तर ओढाताण होते. बी.एस्सी.ची सत्रपरीक्षा आणि भाषेची परीक्षा एकाच महिन्यात आली की एकीचं नुकसान ठरलेलं, म्हणून मी दर वर्षी एकच पातळी धरली आणि बी2 तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत पुरी केली. याहून घाई केली असती तर गणित मागे पडलं असतं, असं मला वाटतं.

2020च्या शैक्षणिक धोरणानंतर गणित मुख्य आणि जर्मन दुय्यम, अशीही जोडी काही ठिकाणी जमू शकते. जमली तर माझ्या मते तीच सर्वांत चांगली. मात्र नियमात बसतं म्हणून निश्चिंत राहू नका. फी भरण्याआधी विभागात जाऊन दोन्ही विषयांचं छापील वेळापत्रक मागा आणि तास एकमेकांवर येत नाहीत ना, हे स्वतः बोट ठेवून बघा. गणिताच्या बाजूला आणखी एक विचारा: सरावाच्या वह्या तपासून कोण देतं, आणि किती दिवसांनी.